झेरॉक्समध्ये न उमटणारा शिक्का : आरएनएवरच्या रासायनिक खुणा कशा शोधतात?

गेल्या दिवाळीत शिरूरला घरी गेले होते. शेजारच्या काकूंचा मुलगा एमएस्सी बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पीएचडीच्या मुलाखतींची तयारी करतोय. तो एक पानभर प्रपोजल घेऊन आला. विषय असा, की पाण्याचा ताण पडल्यावर उसाच्या पानातल्या आरएनएवरची एम६ए ही खूण कशी बदलते. आमच्या भागात हा प्रश्न पडणं साहजिक आहे. पाण्याची पाळी चुकली की ऊस कसा दिसतो, हे आम्ही दोघांनी लहानपणापासून बघितलंय.

त्याचा पहिलाच प्रश्न होता, "ताई, अँटिबॉडी कुठली घेऊ?"

मी म्हटलं, "ते नंतर बघू. आधी सांग, ती अँटिबॉडी नेमकं काय पकडणार आहे?"

तो गप्प झाला. त्याला हसण्यात काही अर्थ नाही, पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीपण अशीच गप्प झाले होते, आणि त्या गप्प बसण्याची किंमत दोन महिने होती. ती गोष्ट पुढे सांगते. हा लेख त्याच्याशी झालेल्या गप्पांतूनच तयार झालाय. तुमच्यापैकी ज्यांना आरएनएच्या बदलांवर काम करायचंय, त्यांना मुलाखतीत हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जाणार आहे.

आधी थोडी उजळणी. आरएनए म्हणजे ए, यू, जी, सी ही चार अक्षरं, असं आपण बारावीला शिकतो. खऱ्या पेशीतला आरएनए इतका साधा नसतो. अक्षरं जोडून झाल्यावर एन्झाइम्स त्यांच्यावर बारीकसारीक काम करतात: कुठे मिथाइल गट चिकटव, कुठे एखादा अणू काढ, कुठे साखरेशी असलेला जोडच बदल. असे दीडशेहून जास्त प्रकारचे बदल आजवर माहीत झालेत. सगळ्यात जास्त विविधता टीआरएनएवर सापडते. पहिला बदल १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सापडला होता, स्यूडोयुरिडिन. त्याला तेव्हा 'पाचवं अक्षर' म्हणत. एमआरएनएवरचा एम६ए १९७४ मध्ये सापडला. म्हणजे विषय जुना आहे. मग ही सगळी धामधूम गेल्या पंधरा वर्षांतच का?

कारण आपण आरएनए थेट वाचतच नव्हतो. नेहमीच्या सिक्वेन्सिंगमध्ये आधी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे एन्झाइम वापरून आरएनएची डीएनए प्रत बनवतात आणि मग ती प्रत वाचतात. तहसील कचेरीतून आणलेल्या कागदावर दाबून उठवलेला शिक्का असतो ना, बोट फिरवलं की जाणवणारा? त्या कागदाची झेरॉक्स काढा. अक्षरं सगळी येतात, शिक्का येत नाही. एम६एचं अगदी तसंच आहे. ॲडेनाइनच्या सहाव्या कार्बनला जो नायट्रोजन लटकलेला असतो, त्यावर एक मिथाइल बसतो. पण तो यूशी जोडी जमवायच्या आड येत नाही. एन्झाइमला तिथे साधा ए च दिसतो, ते समोर टी बसवतं आणि पुढे जातं. खूण पुसली गेली आणि आपल्याला पत्ताही लागला नाही.

आता या विषयातली सगळी तंत्रं म्हणजे हा शिक्का कसा तरी दिसेल असं करण्याच्या युक्त्या आहेत. कुठलीच युक्ती शिक्का स्वतः बघत नाही. प्रत्येक जण त्याची काहीतरी सावली बघतो. प्रपोजल लिहिताना पहिला प्रश्न हा: मी निवडलेलं तंत्र कोणती सावली बघतंय, आणि तशीच सावली दुसरं कोण पाडू शकतं?

अँटिबॉडी : सोयीची, पण ढोबळ

२०११ मध्ये एफटीओ हे एन्झाइम एम६ए पुसू शकतं असं दिसलं. ज्या खुणा पुसता येतात त्या नियंत्रणासाठी असणार, असा तर्क निघाला आणि क्षेत्रात एकदम जान आली. पुढच्याच वर्षी दोन गटांनी स्वतंत्रपणे एकच पद्धत मांडली. आरएनएचे साधारण शंभर अक्षरांचे तुकडे करायचे, एम६ए ओळखणाऱ्या अँटिबॉडीने खूण असलेले तुकडे गाळून घ्यायचे, आणि ते सिक्वेन्स करायचे. ज्या भागात तुकड्यांचा ढीग दिसेल तिथे खूण. माणसाच्या सात हजारांवर जनुकांच्या आरएनएवर बारा हजारांवर जागा मिळाल्या, आणि त्यातल्या बऱ्याच जागा स्टॉप कोडॉनच्या आसपास होत्या. हे काम खरंच मोठं होतं, त्याच्यावर आजचं सगळं उभं आहे.

पण मर्यादा बघा. ढीग शंभर-दोनशे अक्षरांचा असतो, त्यात नेमका कुठला ए ते कळत नाही. त्या जनुकाच्या शंभर प्रतींपैकी पाच प्रतींवर खूण आहे की पंचाण्णव, तेही कळत नाही. टोपीला लागून असलेला एम६एएम नावाचा जवळचा भाऊबंद अँटिबॉडीला वेगळा ओळखता येत नाही. आणि ज्या जनुकाचा आरएनएच कमी आहे, तिथे खूण असूनही ढीग दिसत नाही. २०२० मध्ये कोणीतरी प्रकाशित झालेला असा डेटा एकत्र तपासला, तर एकाच प्रकारच्या पेशींवरच्या वेगवेगळ्या अभ्यासांतल्या जागा साधारण तीस ते साठ टक्केच जुळत होत्या. आता 'ताण दिल्यावर पाचशे ठिकाणी एम६ए बदलला' असं वाक्य वाचलंत, की हा आकडा डोक्यात ठेवा. न ताणलेल्या दोन नमुन्यांतच तेवढा फरक येत असेल तर?

अँटिबॉडीबद्दलची सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट मात्र एम६एची नाही, एम१एची आहे. तिच्यावर थोडा वेळ थांबते, कारण मला स्वतःला संशोधनाबद्दल जे काही समजलंय त्यातलं बरंचसं या प्रकरणातून समजलं.

एम१ए मध्ये मिथाइल बसतो तो ॲडेनाइनच्या कड्यातल्या पहिल्या नायट्रोजनवर. टीआरएनए आणि रायबोसोमल आरएनएवर तो असतो हे फार आधीपासून माहीत होतं. २०१६ मध्ये दोन गटांनी अँटिबॉडी वापरून सांगितलं, की एमआरएनएवर हजारो ठिकाणी एम१ए आहे, आणि तो मुख्यतः भाषांतर सुरू होतं त्या जागेजवळ आहे. बातमी गोड होती. सुरुवातीजवळ खूण, म्हणजे प्रथिन बनण्यावर ताबा, अशी कथा आपोआप तयार होत होती.

२०१७ मध्ये दुसऱ्या गटाने एकेका अक्षराच्या पातळीवर शोध घेतला. इथे एम१एची जागा उपयोगी पडते. तो मिथाइल नेमका जोडी जमवायच्या बाजूला असतो, त्यामुळे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज तिथे अडखळतं, थांबतं किंवा चुकीचं अक्षर बसवतं. म्हणजे या शिक्क्याने कागद फाटलाय आणि झेरॉक्समध्ये ती फाट दिसते. त्या फाटी मोजल्या तर पेशीद्रवातल्या एमआरएनएवर हजारो नाही, अगदी मोजक्या जागा मिळाल्या. त्याही टीआरएनएसारखी घडी असलेल्या ठिकाणी, आणि बहुतेक ठिकाणी फार कमी प्रमाणात. त्याच वर्षी आणखी एका गटाने काही शे जागा सांगितल्या. कोण खरं?

२०१९ मध्ये उलगडा झाला. वापरलेली अँटिबॉडी एमआरएनएच्या टोकावरच्या टोपीलाही चिकटत होती. ती टोपी म्हणजे मिथाइल लागलेला जी, एम७जी. रसायनाच्या नजरेने बघितलं तर चूक समजण्यासारखी आहे: दोन्हींत कड्यातल्या नायट्रोजनवर मिथाइल, दोन्हींवर धन प्रभार. आणि टोपी कुठे असते? आरएनएच्या सुरुवातीला. म्हणून 'सुरुवातीजवळ एम१ए' असं चित्र जवळजवळ प्रत्येक जनुकात उमटत होतं. अँटिबॉडी खोटं बोलली नव्हती. ती तिच्या परीने जे ओळखायचं ते ओळखत होती, आपण तिला चुकीचं नाव दिलं होतं.

यात कोणी फसवणूक केली नाही, हे मुद्दाम सांगते. पहिल्या गटांत या क्षेत्रातले सगळ्यात चांगले लोक होते, आणि त्यांनी कंट्रोलही केले होते. एम१ए अल्कलीत तापवला की त्याचा मिथाइल सरकून एम६ए बनतो, हे वापरून त्यांनी पडताळा घेतला होता. तरीही टोपीचा कंट्रोल राहून गेला. आपल्याला जे सुचतं त्याचा कंट्रोल आपण करतो. जे सुचत नाही ते दुसरा कोणी वेगळं तंत्र घेऊन येतो तेव्हा बाहेर पडतं.

माझे दोन महिने

आता माझी गोष्ट. माझं काम माणसाच्या पेशींवर आहे. एमआरएनएवर एम६ए लावणारं मुख्य एन्झाइम एमईटीटीएल३. पहिल्या वर्षी मला साधं काम मिळालं होतं. या एन्झाइमचं प्रमाण कमी करायचं आणि एम६ए कमी होतो का ते डॉट ब्लॉटवर बघायचं. डॉट ब्लॉट म्हणजे मेम्ब्रेनवर आरएनएचे ठिपके टाकायचे, अँटिबॉडी लावायची, ठिपका किती गडद येतो ते बघायचं. स्वस्त, झटपट, दुपारपर्यंत उत्तर.

वेस्टर्न ब्लॉटवर एन्झाइम छान कमी झालेलं दिसत होतं. डॉट ब्लॉटवर ठिपके मात्र जसेच्या तसे. परत केलं, अँटिबॉडीची बाटली बदलली, वेळ वाढवला, मेम्ब्रेन बदललं. मिथिलीन ब्लूने रंगवून आरएनए सारखा पडलाय हेही दाखवलं. ठिपके हलायला तयार नाहीत. मी तर 'आमच्या पेशींत दुसरं एन्झाइम काम करतंय' अशी थिअरीसुद्धा लिहून ठेवली होती. ती वही आजही आहे, कधी फार शहाणपण आलं असं वाटलं की काढून वाचते.

एके दिवशी लॅबमधल्या सीनियरने विचारलं, "तू आरएनए जेलवर चालवून बघितलास का?" नव्हता बघितला. चालवला तर २८एस आणि १८एस रायबोसोमल आरएनएच्या दोन ठळक पट्ट्या समोर. मी पॉली-ए निवड एकदाच केली होती आणि माझ्या 'एमआरएनए'त निम्म्याहून जास्त रायबोसोमल आरएनए राहिला होता. माणसाच्या १८एस आणि २८एस दोन्हींवर एकेक एम६ए असतो. तो लावतात वेगळी एन्झाइम्स, १८एसवर एमईटीटीएल५ आणि २८एसवर झेडसीसीएचसी४. मी एमईटीटीएल३ कितीही कमी केलं तरी त्या खुणांना काय फरक पडणार होता? माझा ठिपका मुख्यतः रायबोसोमचा होता. पॉली-ए निवड दोनदा केली, परत जेल बघितला, आणि मग ठिपका फिका झाला.

शेजारच्या मुलाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "पण ऊस म्हणजे तर पान आहे." बरोबर पकडलं त्याने. पानात पेशीच्या रायबोसोमल आरएनएशिवाय क्लोरोप्लास्टचा स्वतःचा वेगळा असतो. जेलवर दोन नाही, जास्त पट्ट्या येणार. आणि पाण्याच्या ताणात क्लोरोप्लास्टची अवस्था बदलते, म्हणजे ही भेसळ ताण दिलेल्या आणि न दिलेल्या नमुन्यांत सारखी असेल असं धरता येणार नाही. कमी-जास्त दिसलेला एम६ए कशाचा, हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

अक्षर गणिक शोध

अँटिबॉडीला पर्याय काय? एक मार्ग रसायनाचा. साध्या अक्षराला बदलून टाकायचं आणि खूण असलेलं अक्षर तसंच ठेवायचं, की झेरॉक्समध्येच फरक दिसावा. एम६ए साठी २०२२ मध्ये आलेली ग्लोरी ही पद्धत अशीच आहे. ग्लायॉक्सल आणि नायट्राइट वापरून साध्या ए चं इनोसिन करतात, आणि इनोसिन वाचताना जी म्हणून वाचलं जातं. मिथाइल लागलेला ए मात्र या रसायनाला दाद देत नाही, तो ए च राहतो. आता डेटात जिथे ए शिल्लक राहिला तिथे खूण, आणि किती टक्के वाचनांत राहिला तितकं प्रमाण. एका मानवी पेशी-प्रकारात अशा पावणेदोन लाखांच्या आसपास जागा मिळाल्या. अडचण कुठे? जिथे आरएनएची घट्ट घडी आहे तिथे रसायन नीट पोचलं नाही, तर साधा ए सुद्धा ए च राहील. म्हणजे खोटी खूण. बायसल्फाइटने एम५सी शोधतानाही हीच डोकेदुखी होती, आणि एमआरएनएवर एम५सीच्या जागा किती यावर वेगवेगळ्या गटांचे आकडे बरीच वर्षं एकमेकांशी जुळतच नव्हते.

दुसरा मार्ग एन्झाइमचा. मॅझ-एफ हे जिवाणूंमधलं एन्झाइम एसीए ही तीन अक्षरं दिसली की कापतं, पण पहिल्या ए वर मिथाइल असेल तर कापत नाही. कापलेलं किती, राहिलेलं किती, यावरून हिशेब. स्वच्छ कल्पना आहे, फक्त एसीए नसलेल्या जागांबद्दल हे एन्झाइम काहीच सांगू शकत नाही.

स्यूडोयुरिडिनची गोष्ट आणखी मजेशीर आहे. त्यात आणि युरिडिनमध्ये अणू अगदी तेवढेच असतात, फक्त साखरेशी जोड नायट्रोजनऐवजी कार्बनने झालेला असतो. म्हणजे वजनही सारखंच. मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणजे रेणूंचा वजनकाटा. मिथाइल लागला की वजन चौदाने वाढतं, ते काट्यावर लगेच दिसतं. स्यूडोयुरिडिन काट्यावर युरिडिनसारखाच भरतो. तसंच एम१ए आणि एम६ए यांचंही वजन एकच. मग त्यांना आधी क्रोमॅटोग्राफीच्या कॉलममधून सोडतात, कोण किती वेळाने बाहेर पडतो त्यावरून ओळखतात आणि शुद्ध नमुन्याशी ताडून बघतात. कुणी नुसतं वस्तुमान दाखवून 'एम६ए सापडला' म्हणत असेल तर तुम्ही हात वर करून विचारा, "कॉलममधून किती मिनिटांनी आला?"

तरीही हा वजनकाटा मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. आरएनएचे एकेक न्यूक्लिओसाइड सुटे करून मोजायचे, त्यामुळे एकूण किती खुणा आहेत याचा खरा आकडा मिळतो. कुठे आहेत हे मात्र त्या सुटं करण्यातच हरवतं. आणि भेसळ असेल तर काटा भेसळीसकट वजन देतो.

राहिलं नॅनोपोअर. यात प्रत काढायचीच नाही, आरएनएचा मूळ धागाच एका सूक्ष्म छिद्रातून ओढायचा आणि छिद्रातून वाहणारा विद्युतप्रवाह मोजायचा. एका वेळी छिद्रात चार-पाच किंवा जास्त अक्षरं असतात, प्रवाह त्या सगळ्यांचा मिळून येतो. खूण असली की प्रवाह थोडा हलतो. आता सॉफ्टवेअर ते हलणं ओळखून 'इथे एम६ए' असं सांगतं. नवीन मुलांना हे फार आवडतं, आणि मलाही आवडतं. पण सॉफ्टवेअरला ज्या खुणा शिकवल्यात त्याच तो ओळखतो. म्हणून त्याच क्रमाचा, पण टेस्ट ट्यूबमध्ये बनवलेला, एकही खूण नसलेला आरएनए सोबत चालवायलाच हवा. २०२० मध्ये कोरोना विषाणूच्या आरएनएवर नॅनोपोअरने एक्केचाळीस संभाव्य जागा सांगितल्या गेल्या, त्या असाच कोरा आरएनए शेजारी ठेवून. 'संभाव्य' हा शब्द त्यांनी स्वतःच वापरला होता, तो वगळून कुणी लिहिलं असेल तर ते पेपर नीट वाचलेले नाहीत.

उसाच्या बाबतीत इथे एक खास खड्डा आहे. महाराष्ट्रात सगळीकडे दिसणारा को ८६०३२ घ्या किंवा दुसरा कुठलाही, आधुनिक उसात शंभराहून जास्त गुणसूत्रं असतात आणि एकेका जनुकाच्या आठ-दहा थोड्या वेगळ्या प्रती असतात. एका प्रतीत ए आणि दुसरीत जी असेल तर? 'अक्षर बदललेलं दिसलं म्हणजे खूण' या तर्कावर चालणारी प्रत्येक पद्धत तिथे फसेल. त्यामुळे त्याच झाडाचा डीएनए सिक्वेन्स हाताशी हवा. हे मुलाखतीत न विचारता सांगितलंत, तर समोरचे पेन खाली ठेवून ऐकतात.

पाषाणमधली उलटी वाट

इतका वेळ आपण निसर्गाने लावलेल्या खुणा शोधत होतो. याची उलटी बाजूही आहे: आपणच आरएनएवर एक ओळखू येणारी खूण लावायची. आणि हे काम शिरूरहून साठ-सत्तर किलोमीटरवर, पुण्यात पाषाणला झालंय. आयसर पुणे इथले एस. जी. श्रीवत्सन यांच्या गटाने युरिडिनच्या पाचव्या जागेवर अझाइड गट असलेले यूटीपी बनवले. अझाइड म्हणजे ओळीने तीन नायट्रोजन. पेशीत असा गट एरवी नसतोच, आणि पेशीतल्या इतर रेणूंशी तो सहसा भानगडीत पडत नाही. अल्काइन दिसला की मात्र क्लिक अभिक्रियेने पक्का जोडला जातो. याच क्लिक रसायनासाठी २०२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल शार्पलेस, मेल्डाल आणि बर्टोझ्झी यांना मिळालं.

यात खरी कसोटी रसायनाची नाही, एन्झाइमची आहे. बदललेलं अक्षर पॉलिमरेजने स्वीकारलं पाहिजे. टी७ पॉलिमरेज टेस्ट ट्यूबमध्ये ही अक्षरं घेतं असं दिसलं, आणि २०१६ मध्ये संजीव गलांडे यांच्या गटासोबतच्या कामात पेशींच्या स्वतःच्या पॉलिमरेजनेही ती घेतली. मग त्या अझाइडवर चमकणारा रेणू क्लिक केला की पेशीत नव्याने बनलेला आरएनए सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. त्याआधी अशा कामासाठी अल्काइन लावलेला युरिडिन वापरात होता. अझाइडचा फायदा असा, की तांब्याशिवाय होणारी क्लिकही वापरता येते, आणि तांबं आरएनएला तोडतं हे ज्यांनी एकदा जेलवर बघितलंय त्यांना हा फायदा समजावून सांगायला नको. पुढे २०२० मध्ये याच गटाने दिल्लीच्या आयजीआयबीसोबत क्रिस्परच्या गाइड आरएनएच्या टोकाला अशी क्लिक होणारी अक्षरं जोडली आणि जीनोमच्या ठरावीक जागेवर रसायन नेऊन पोचवलं.

पण इथेही तोच प्रश्न विचारायचा. चमक दिसली ती कशाची? रंग नुसताच चिकटलाय का? मग अझाइड न दिलेल्या पेशी शेजारी हव्यात. तो डीएनएत गेला का? मग आरएनेज घालून चमक जाते का ते बघायचं. तो नवीन आरएनएच आहे का? मग ॲक्टिनोमायसिन डीने आरएनए बनणंच थांबवून बघायचं. आणि आपण लावलेला गट त्या आरएनएची घडी किंवा आयुष्य बदलत नाही ना, हे सगळ्यात अवघड.

पुण्याचाच अजून एक धागा. हिंजवडीच्या जेनोव्हाची एमआरएनए लस जेमकोव्हॅक-१९ ला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, आणि जून २०२३ मध्ये ओमायक्रॉनसाठीच्या जेमकोव्हॅक-ओएमला. ही दुसरी लस स्वतःच्या प्रती काढणाऱ्या आरएनएची आहे. फायझर आणि मॉडर्नाच्या लसींत प्रत्येक यू च्या जागी एन१-मिथाइलस्यूडोयुरिडिन असतो, कारण कारिको आणि वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं होतं, की स्यूडोयुरिडिनसारख्या खुणा असल्या की पेशीची धोक्याची घंटा फारशी वाजत नाही. २०२३ चं वैद्यकाचं नोबेल त्याचंच. आता विचार करून बघा: आपण टेस्ट ट्यूबमध्ये खुणा लावलेला, स्वतःच्या प्रती काढणारा आरएनए पेशीत सोडला. तिथे त्याच्या प्रती निघतील त्या पेशीतल्या साध्या अक्षरांच्या. पहिल्या धाग्यावरची खूण पुढच्या प्रतीत जाणार नाही. परत झेरॉक्स! मुलाखतीत हा प्रश्न आला तर वाक्यावाक्याने असाच विचार करत उत्तर द्या, पाठ केलेलं सांगू नका.

"याचा शेतीला उपयोग काय?"

हे काकूंनी विचारलं, आणि तो प्रश्न टाळायचा नाही. २०२१ मध्ये चीनमधल्या आणि शिकागोच्या गटांनी मिळून भात आणि बटाट्यात माणसाचा एफटीओ जनुक घातला, म्हणजे एम६ए पुसणारं एन्झाइम. शेतातल्या चाचण्यांत उत्पादन साधारण पन्नास टक्क्यांनी वाढलं. आकडा मोठा आहे आणि चांगल्या नियतकालिकात आलाय. पण एफटीओ पेशीत नेमकी कुठली खूण पुसतं, एम६ए की टोपीजवळचा एम६एएम, यावर वाद झालेत. पीक वाढलं हे तराजूवर मोजलेलं आहे. ते कुठल्या जनुकाच्या कुठल्या खुणेमुळे वाढलं, हे सांगायला वर लिहिलेलीच तंत्रं लागतात. काकूंना मी एवढंच सांगितलं, की आपल्या उसात असं काही यायला अजून फार वेळ आहे. त्या म्हणाल्या, "मग तोवर ठिबकच बरं."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याचं प्रपोजल परत लिहिलं. पाचशे जागा शोधायचा बेत रद्द. आधी एकूण एम६ए बदलतो का ते मास स्पेक्ट्रोमेट्रीने, दोनदा पॉली-ए निवड केलेल्या आरएनएवर, प्रत्येक नमुन्याचा जेलचा फोटो जोडून. बदल दिसला तरच नॅनोपोअर, सोबत खुणा नसलेला आरएनए आणि त्याच झाडाचा डीएनए. अँटिबॉडी शेवटी, निवडक दोन-तीन जनुकांच्या पडताळणीपुरती. एम६ए लावणारं एन्झाइम काढून टाकलेला ऊस कंट्रोल म्हणून मिळणार नाही, कारण अराबिडॉप्सिसमध्ये ते एन्झाइम पूर्ण काढलं की भ्रूणच वाढत नाही. हेही त्याने स्वतः शोधून लिहिलं. पानं वाढली.

एकच गोष्ट राहिली होती. ताण दिलेल्या उसाचं पान सकाळी तोडायचं की दुपारी? दुपारी तर पाणी दिलेला ऊससुद्धा मलूल दिसतो. पेपरांमध्ये जो तो आपापली वेळ लिहितो. तो म्हणाला, "पप्पांना विचारून सांगतो."